दर अपडेटनंतर ऑडॅसिटी पुन्हा खातं मागते: कारणं आणि पक्का बंदोबस्त

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये प्रोजेक्ट सेव्ह करायला जावं, तर आधी एक खिडकी विचारते: क्लाउडवर (म्हणजे खातं उघडून) ठेवायचा की संगणकावर? एक्स्पोर्ट करायला जावं, तर तिथेही ऑडिओ डॉट कॉम या आवाज ऑनलाइन ठेवण्याच्या संकेतस्थळाचं नाव पुढे येतं. इफेक्टांच्या यादीत 'गेट मोअर इफेक्ट्स'ची पाटी, प्रोग्रॅम उघडताच नव्या सोयींची जाहिरातवजा खिडकी. एकदा बसून हे सगळं बंद केलं, तरी पुढच्या अपडेटनंतर त्यातलं निम्मं परत हजर असतं.

पैसे कुणी मागत नाही, हेही सांगायला हवं. ऑडॅसिटी आजही फुकट आहे आणि तिचा सोर्स कोड जीपीएल (कोड कुणीही पाहावा, बदलावा, वाटावा अशी मुभा देणारा) परवान्याखाली खुला आहे. तक्रार आहे ती चंचुप्रवेशाची. त्यावरचा उपाय साधारण अर्ध्या तासाचा आहे, पण क्रम चुकला तर प्रोजेक्ट गमावण्याचा धोका असतो. म्हणून आधी कारण, मग उपाय.

बंद केलेलं परत का येतं

पहिलं कारण साधं आहे. नवी सोय आपल्यासोबत नवी सेटिंग घेऊन येते आणि ती बहुधा सुरूच असते. तुम्ही आधी दिलेला नकार जुन्या सेटिंगपुरता होता. अपडेट तपासणी आणि त्रुटी-अहवाल आवृत्ती ३.०.३ मध्ये आले (जुलै २०२१), ऑडिओ डॉट कॉमवर शेअर करण्याची सोय ३.२ मध्ये (सप्टेंबर २०२२) आणि अख्खा प्रोजेक्ट क्लाउडवर ठेवण्याची सोय ३.५ मध्ये (एप्रिल २०२४). म्हणजे ३.४ मध्ये सगळं शांत करून ठेवलेल्या माणसाला ३.५ ने पुन्हा विचारलंच, कारण तो प्रश्नच नवा होता.

दुसरं कारण इन्स्टॉलरमध्ये आहे. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये प्राधान्यं मूळ स्थितीत आणण्याची एक चौकट असते. घाईत 'नेक्स्ट, नेक्स्ट' करताना तिच्यावर खूण राहिली, तर सगळ्या सेटिंग्ज पुसल्या जातात.

तिसरं कारण फायरवॉलचं, म्हणजे नेटवरची ये-जा अडवणाऱ्या सोयीचं. विंडोज फायरवॉलमधला नियम प्रोग्रॅमच्या नावाला नव्हे, तर फाइलच्या पूर्ण पत्त्याला चिकटलेला असतो. झिपमधून काढलेली आवृत्ती वापरत असाल आणि फोल्डरच्या नावात आवृत्तीचा क्रमांक असेल, तर नवं फोल्डर आलं की जुना नियम तिथे लागू होत नाही. 'नियम आहे तरी नेटवर जाते' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघतं.

चौथं, म्यूज हब. ऑडॅसिटी २०२१ पासून म्यूज ग्रुप या कंपनीकडे आहे. म्यूजस्कोअर आणि अल्टिमेट गिटारही त्यांचेच. हब हे त्यांचं इफेक्ट आणि वाद्यध्वनींचं दुकान. ते वेगळा प्रोग्रॅम म्हणून बसतं, संगणकासोबत सुरू होतं आणि अपडेटही स्वतःच बघतं.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे: कोड जीपीएलमध्ये आहे, सर्व्हर, दुकान आणि 'ऑडॅसिटी' हे नाव जीपीएलमध्ये नाही. कोड कुलूपबंद करता येत नाही, पण त्याच्या भोवती दारं उभी करता येतात. २०२१ च्या मे महिन्यात गूगल अ‍ॅनालिटिक्स आणि यांडेक्समार्फत वापराची माहिती गोळा करायचा प्रस्ताव आला तेव्हा इतकी ओरड झाली की तो मागे घ्यावा लागला. जुलैमध्ये गोपनीयता धोरणात १३ वर्षांखालच्यांनी वापरू नये असं कलम आलं. जीपीएल वापरावर असं बंधन घालू देत नाही, म्हणून तो मजकूरही पुढे बदलावा लागला. ओरड करण्याचा उपयोग होतो, पण दर वेळी ओरडत बसण्यापेक्षा आपल्या संगणकावरची दारं आपणच लावून घ्यावीत.

आधी साप म्हणून भुई धोपटणं थांबवा

काही अडचणींचा व्यापारीकरणाशी संबंध नाही. त्या वेगळ्या काढल्या नाहीत तर उपाय चुकीच्या जागी होतो.

एम४ए किंवा डब्ल्यूएमए फाइल उघडत नाही, याचा अर्थ ती सोय पैसे भरणाऱ्यांसाठी राखून ठेवली आहे असा नाही. त्यासाठी एफएफएमपेग नावाची लायब्ररी वेगळी बसवावी लागते, कारण तिच्यातल्या काही फॉरमॅटांवर पेटंटाची बंधनं आहेत. एकदा बसवली की प्रेफरन्सेसमधल्या लायब्ररीज पानावर तिची आवृत्ती दिसते. दिसत नसेल तर तिथल्याच 'लोकेट'ने दाखवून द्यावी. ६४-बिट ऑडॅसिटीला ६४-बिट लायब्ररीच लागते, गोंधळ बहुधा इथेच होतो. एमपी३ चा त्रास मात्र संपला आहे. पेटंटं २०१७ मध्ये संपली आणि २.३.२ पासून एमपी३ एन्कोडर आतच येतो. एमपी३ साठी 'खास प्लगइन' उतरवायला सांगणारं कुठलंही पान बंद करावं.

इफेक्ट करडे दिसतात? बहुधा ट्रॅक पॉझ केलेला असतो. पॉझ म्हणजे स्टॉप नव्हे; स्टॉप दाबा. नायक्विस्ट भाषेत लिहिलेले प्लगइन रिअल-टाइम (वाजतानाच इफेक्ट लावणाऱ्या) पॅनेलमध्ये दिसत नाहीत, कारण ते त्या पद्धतीने चालतच नाहीत. ते मेनूतूनच लावायचे असतात.

पहिली पायरी: प्रोजेक्ट बाहेर काढा

सेटिंगला हात लावण्याआधी, अपडेट करण्याआधी, हे करा. हाच भाग लोक गाळतात.

३.० पासून प्रोजेक्ट एकाच एयूपी३ फाइलमध्ये राहतो. आतून ती एसक्यूलाइट डेटाबेस आहे. त्यातून तीन गोष्टी निघतात. जुनी एयूपी फाइल नव्या आवृत्तीत उघडली की तिचं एयूपी३ होतं आणि परत जुन्या रूपात सेव्ह करता येत नाही. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुनीत उघडेलच असं नाही. ३.४ मध्ये आलेली टाइम-स्ट्रेच सोय वापरून क्लिप ताणल्या असतील तर नाहीच. तिसरी गोष्ट सगळ्यात महागात पडते: प्रोजेक्ट उघडा असताना त्या फाइलशेजारी डब्ल्यूएएल आणि एसएचएम अशा दोन तात्पुरत्या फाइली असतात. तेव्हा मुख्य फाइल कॉपी केली, तर ताजे बदल त्या कॉपीत नसू शकतात.

विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स फोल्डर अनेकदा नकळत वनड्राइव्हकडे वळवलेलं असतं आणि वेगळी जागा दिली नाही तर ऑडॅसिटी तिथेच सेव्ह करते. म्हणजे चालू डेटाबेसला समक्रमण करणारा प्रोग्रॅम मागून हात लावत राहतो. प्रोजेक्ट बिघडण्याचं हे एक ओळखीचं कारण आहे. काम चालू असलेले प्रोजेक्ट समक्रमित होणाऱ्या फोल्डरबाहेर ठेवा. पूर्ण झाल्यावर, बंद करून, मग हवं तिथे हलवा.

आता आवाज बाहेर काढायचा. फाइल मेनूतून एक्स्पोर्ट ऑडिओ निवडा, मल्टिपल फाइल्स घ्या, विभागणी ट्रॅकनुसार ठेवा. फॉरमॅट वेव्ह, एन्कोडिंग ३२-बिट फ्लोट, सँपल रेट प्रोजेक्टचा आहे तोच. ३२-बिट फ्लोट यासाठी की शून्य डेसिबलच्या वर गेलेला आवाजही त्यात शाबूत राहतो. फ्लॅकमध्ये २४-बिटपर्यंतच जाता येतं आणि शून्याच्या वरचं छाटलं जातं. जागा वाचवायचीच असेल तर वेव्हपॅक वापरा, त्यात फ्लोट चालतो.

जागेचा हिशेब आधीच केलेला बरा. ४४,१०० हर्ट्झ, स्टिरिओ, ३२-बिट फ्लोट म्हणजे सेकंदाला ३,५२,८०० बाइट. तासाला साधारण १.२७ जीबी. साध्या वेव्हची मर्यादा ४ जीबी, म्हणजे याच मापात सुमारे ३ तास २० मिनिटं. ४८,००० हर्ट्झला ती ३ तास ६ मिनिटांवर येते. त्याहून लांब ध्वनिमुद्रण तुकड्यांत काढा, नाहीतर शेवट दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये दिसणारच नाही.

लेबलं वेगळी काढावी लागतात: एक्स्पोर्ट अदर, मग एक्स्पोर्ट लेबल्स. साधी टेक्स्ट फाइल मिळते, ती कुठेही उघडते. रिअल-टाइम इफेक्टांच्या मांडणीचं मात्र काही करता येत नाही. ती या फाइलींबरोबर जात नाही, आवाजात मुरूनच बाहेर पडते. म्हणून एक प्रत इफेक्ट बंद करून आणि एक लावून, अशा दोन काढलेल्या बऱ्या.

प्रोजेक्ट आधीच क्लाउडवर गेला असेल तर

खातं बंद करण्याची घाई करू नका. नेट चालू असताना प्रोजेक्ट पूर्ण उघडू द्या, तळाशी प्रगतीची पट्टी असेल तर ती संपू द्या, मग सेव्ह प्रोजेक्ट अ‍ॅज करून संगणकावर ठेवा. आता प्रोग्रॅम बंद करा, नेट तोडा आणि ती स्थानिक फाइल उघडून पाहा. शेवटच्या मिनिटापर्यंत तरंग दिसतो आणि वाजतो, तर ती खरी प्रत. नेट चालू ठेवून केलेली तपासणी काहीच सिद्ध करत नाही. क्लाउड प्रोजेक्टची संगणकावर आपोआप पडलेली प्रत तात्पुरती असते आणि काही दिवसांनी पुसली जाते, तिच्यावर विसंबू नये.

दुसरी पायरी: कोणता इन्स्टॉलर

अधिकृत डाउनलोड पानावर हबसहित आणि हबविना असे दोन मार्ग असतात. हबचा रस्ता मोठ्या बटणाचा असतो, साधा इन्स्टॉलर खाली. सोर्स कोड जिथे ठेवलेला असतो त्या गिटहबवरच्या प्रकाशनांच्या पानावरून घेतलं तर हा प्रश्नच उरत नाही आणि पडताळणीसाठी फाइलीचा एसएचए२५६ आकडाही मिळतो. सर्च इंजिनात वर दिसणाऱ्या जाहिरातींवर चुकूनही टिचकी मारू नका. कुणी ऑडॅसिटीची प्रत विकत असेल तर जीपीएलनुसार ते बेकायदा नाही, पण अधिकृत प्रत फुकट असताना घेण्यात अर्थ नाही.

विंडोजवर झिप आवृत्ती घेणं आम्हाला अधिक पसंत आहे. ती एका फोल्डरात काढा आणि मुख्य फाइलशेजारी 'पोर्टेबल सेटिंग्ज' या नावाचं रिकामं फोल्डर इंग्रजीत, मधल्या जागेसकट, तयार करा. आता सगळ्या सेटिंग्ज तिथेच राहतात. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी नांदतात, एकीची सेटिंग दुसरीला बिघडवत नाही आणि अपडेट नको वाटलं तर नवं फोल्डर पुसून मोकळं व्हायचं.

तिसरी पायरी: आतली बटणं

एडिट मेनूतून प्रेफरन्सेस उघडा (कंट्रोल आणि पी, मॅकवर कमांड आणि स्वल्पविराम).

अ‍ॅप्लिकेशन पानावर अपडेट तपासणीची खूण काढा. तपासणी सुरू असली की प्रोग्रॅमची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव सर्व्हरकडे जातं आणि सोबत आयपी पत्ता पोहोचतोच. वापराची निनावी माहिती पाठवण्याची चौकट दिसत असेल तर तीही काढा. त्रुटी-अहवाल तुमच्या होकाराशिवाय जात नाही. खिडकी आली की 'पाठवू नका' म्हणा.

क्लाउड पानावर सेव्हची नेहमीची पद्धत 'नेहमी संगणकावर' अशी ठेवा. तिथे 'दर वेळी विचारा' असतं, म्हणूनच ती खिडकी येत राहते. एक्स्पोर्टच्या खिडकीत संगणकाचा पर्याय निवडून 'लक्षात ठेवा'ची खूण करा. व्ह्यू मेनूत टूलबार्समधून शेअर ऑडिओ टूलबार काढून टाका. सुरुवातीच्या स्वागत-खिडकीत 'पुन्हा दाखवू नका' आहे.

'गेट मोअर इफेक्ट्स' मात्र अधिकृत आवृत्तीत सेटिंगने जात नाही. ते नजरेआड करायचं किंवा प्रोग्रॅम सोर्स कोडमधून स्वतः तयार (कंपाइल) करायचा. सोर्समध्ये नेटवर्किंग, अपडेट तपासणी, त्रुटी-अहवाल आणि ऑडिओ डॉट कॉम यांसाठी वेगवेगळे पर्याय आहेत आणि ते बंद ठेवून कंपाइल करता येतं. काही लिनक्स वितरणं आपल्या भांडारातली आवृत्ती नेटवर्किंग बंद करूनच देतात. लिनक्स वापरत असाल तर अधिकृत अ‍ॅपइमेजऐवजी भांडारातलीच घ्यावी.

त्या पाटीमागचे इफेक्ट नसले तर काही अडतं का? बोलण्याच्या ध्वनिमुद्रणासाठी तरी नाही. नॉइज रिडक्शनसाठी किमान एक सेकंद निव्वळ खोलीचा आवाज घेऊन प्रोफाइल करा आणि ८ ते १२ डेसिबलवर थांबा. २० वर गेलात की आवाज नळीतून आल्यासारखा होतो. मग हाय-पास ८० हर्ट्झ, कंप्रेसर, शेवटी लाउडनेस नॉर्मलायझेशन: स्टिरिओला −१६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक), मोनोला −१९, आणि त्यावर −१ डेसिबलचा लिमिटर. सगळं आतच आहे. आवाज आणि संगीत वेगळं काढणं, बोललेलं मजकुरात उतरवणं यांसाठी इंटेलचे ओपनव्हिनो प्लगइन फुकट मिळतात आणि तुमच्याच संगणकावर चालतात.

चौथी पायरी: नेटचं दार

विंडोज फायरवॉल नेहमीच्या स्थितीत बाहेर जाणाऱ्या प्रोग्रॅमला अडवत नाही. अ‍ॅडव्हान्स्ड सिक्युरिटीचा भाग उघडा, आउटबाउंड रूल्समध्ये नवा नियम, प्रकार प्रोग्रॅम, ऑडॅसिटीच्या ईएक्सई फाइलचा पूर्ण पत्ता, मग ब्लॉक, तिन्ही प्रोफाइलांना लागू. पोर्टेबल फोल्डरचं नाव आवृत्तीच्या क्रमांकाविना ठेवलंत तर नियम टिकतो.

मॅकचा अंगचा फायरवॉल फक्त आत येणारी जोडणी अडवतो. त्यात ऑडॅसिटी 'ब्लॉक' करून निर्धास्त बसणारे पुष्कळ आहेत. त्याने काहीही अडत नाही. बाहेर जाणाऱ्यासाठी लुलू वापरा, ते फुकट आणि मुक्त स्रोत आहे. लिनक्सवर फ्लॅटपॅक असेल तर फ्लॅटसील उघडून नेटवर्कचं बटण बंद करा, इतरांसाठी ओपनस्निच.

नेट बंद केल्याने संपादन, प्लगइन, एफएफएमपेग यांतलं काही थांबत नाही. ऑनलाइन मॅन्युअल मात्र आतून उघडणार नाही. आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या आल्याचं प्रोग्रॅम आता सांगणार नाही, म्हणून दोन-तीन महिन्यांनी गिटहबचं पान स्वतः पाहावं.

खात्री करायला विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमधलं नेटवर्क पान उघडं ठेवा, मग ऑडॅसिटी सुरू करा, सेव्ह करा, एक्स्पोर्ट करा. यादीत तिचं नाव येता कामा नये. मॅकवर हेच काम अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर करतो.

हब आधीच बसलं असेल तर ते सेटिंग्जमधून स्वतंत्रपणे काढता येतं, ऑडॅसिटीला धक्का लागत नाही. फक्त हबमधून घेतलेले इफेक्ट त्याच्याशिवाय चालतील असं धरून चालू नका. आधी ते लावून आवाज रेंडर करून घ्या.

जुन्या आवृत्तीवर परतणं, किंवा दुसरीकडे जाणं

नेटवर्किंगचे हे भाग येण्यापूर्वीची शेवटची आवृत्ती ३.०.२. अनेक जण त्याहीमागे २.४.२ वर जातात आणि मग एयूपी३ उघडत नाही म्हणून अडकतात. ३.०.२ वर जायचं तर पोर्टेबल फोल्डरातच जा आणि इंटरनेटवरून आलेल्या अनोळखी फाइली तिच्यात उघडू नका, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या तिला मिळत नाहीत. रिअल-टाइम इफेक्टही नाहीत. चार बटणं बंद करण्याचा कंटाळा म्हणून इतकं गमावणं आम्हाला महाग वाटतं.

टेनॅसिटी ही २०२१ च्या वादातून निघालेली शाखा. नाव वेगळं आहे, कारण 'ऑडॅसिटी' हे नाव ट्रेडमार्क आहे. टेलिमेट्री (वापराची माहिती पाठवणं) नाही, मांडणी ओळखीची. तिच्याकडे जाताना एयूपी३ ऐवजी वर काढलेल्या वेव्ह फाइली न्या. ओसेनऑडिओ हलका आणि वेगवान आहे, एकेक फाइल दुरुस्त करायला उत्तम; पण तो मल्टिट्रॅक नाही आणि कोडही बंद आहे, फक्त किंमत शून्य. आर्डर हा मल्टिट्रॅक प्रोग्रॅम जीपीएलमध्ये आहे. त्याचा कोड फुकट, तयार प्रोग्रॅम त्यांच्या संकेतस्थळावर पैसे देऊन. हा व्यवहार उघड आहे, त्यामुळे त्याबद्दल तक्रार करण्यासारखं काही नाही.

बंद कोडाच्या फुकट प्रोग्रॅमवर मोठं काम उभारताना दोन उदाहरणं ध्यानात ठेवा. शेअरवेअर म्हणून घरोघरी पोहोचलेला ध्वनिसंपादक कूल एडिट २००३ मध्ये अ‍ॅडोबीने विकत घेतला आणि त्याचा ऑडिशन झाला. संगीत ध्वनिमुद्रणाचा केकवॉक २०१८ मध्ये बँडलॅब कंपनीकडे जाऊन पूर्ण फुकट झाला आणि २०२३ मध्ये त्याच्या जागी पैसे घेणारा सोनार येणार असल्याचं जाहीर झालं. शिवाय फुकट केकवॉकला अधूनमधून ऑनलाइन सक्रिय करणं भाग होतं, म्हणजे जुनी प्रत जपून ठेवण्याचाही उपाय नव्हता. ऑडॅसिटीत तो आहे. आज वापरत असलेल्या आवृत्तीचा इन्स्टॉलर आणि सोर्सची झिप, दोन्ही प्रोजेक्टच्या बॅकअपशेजारी टाकून ठेवा.

पुढचं अपडेट आलं की क्रम असा: वेव्ह आणि लेबलं बाहेर, नवी झिप वेगळ्या फोल्डरात, जुनं 'पोर्टेबल सेटिंग्ज' त्यात कॉपी, नेट तोडून पहिला प्रारंभ, क्लाउड आणि अ‍ॅप्लिकेशन ही दोन पानं डोळ्यांखालून. काम बरोबर चालतंय असं दिसलं की जुन्या फोल्डरचं नाव बदला आणि नव्याला तेच जुनं नाव द्या, म्हणजे फायरवॉलचा नियम त्यालाही लागू होईल. मग रिसोर्स मॉनिटर उघडून एकदा बघा.